सगळ्यात चांगलं झाड उपटू नका

कुंडीतली कोथिंबीर फुलावर आली की माणसं दोनपैकी एक गोष्ट म्हणतात. "गेली आता, उपटून टाका." किंवा, "असू दे, आता धणे तरी धरू."

पहिलं म्हणणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही. त्यांना कोथिंबीर हवी होती, ती खाऊन झाली, कुंडी मोकळी झाली. भांडण आहे ते दुसऱ्यांशी. आणि ही दुसरी माणसं माझ्या अगदी जवळची आहेत, माझ्यासारखीच गच्चीत नाहीतर खिडकीत चारदोन कुंड्या घेऊन बसलेली, कौतुकाने धण्याची पुडी हातात ठेवणारी. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मुद्दा साधा आहे. "आता धणे तरी धरू" यातला तो 'तरी' मला खटकतो. त्यात बी ही उरलेली गोष्ट होते. आधी खाऊ, मग जे उरेल, जून होईल, वाया जाईल, त्याचं बी. स्वैपाकघरात हा काटकसरीचा नियम चांगलाच आहे, पण बियाण्याला तो बरोब्बर उलटा पडतो.

कसा, ते बघा. एका पसरट कुंडीत तीसचाळीस रोपं आहेत असं धरा. सगळी एका दिवशी पेरलेली, एकाच पाण्यावर वाढलेली. तरी सगळी सारखी नसतात. काहींचा दांडा महिना-सव्वा महिन्यातच वर येतो, पानं बडीशेपेसारखी बारीक चिरलेली होतात, वास जातो. आणि काही रोपं मात्र त्याच कुंडीत दोन-अडीच आठवडे जास्त टिकतात, रुंद पानांची, भरगच्च. आता रोज संध्याकाळी आमटीसाठी कोथिंबीर खुडायला गेल्यावर हात कुठे जातो? अर्थात भरगच्च रोपाकडे. ज्याचा दांडा वर आलाय त्याला कोण हात लावतंय! म्हणजे जे झाड आपल्याला हवं तसं वागलं ते आपण मुळासकट खाऊन टाकलं, आणि ज्याने घाई केली त्याला सोडलं. पुढच्या वर्षी पेरायला बी कोणाचं? त्या घाई करणाऱ्याचं.

लवकर फुलणं ही काही फक्त उन्हाची आणि पाण्याची करामत नसते. ऊन तापलं, दिवस मोठा झाला, कुंडी लहान पडली की कोथिंबीर लवकर फुलते हे खरंच. पण त्याच उन्हात एक झाड आधी फुलतं आणि शेजारचं नंतर, यात त्या झाडाच्या रक्ताचाही भाग असतो. तो बियांतून उतरतो. दरवर्षी सगळ्यात आधी फुलणाऱ्याचेच धणे धरत गेलं की आपण आपल्या हाताने, मोठ्या प्रेमाने, लवकर फुलणारी कोथिंबीर घडवत जातो. आणि मग वर म्हणतो, "घरचं बी काही खरं नाही हो, विकतचंच बरं."

शेती करणाऱ्यांच्या घरात हे कोणाला सांगावं लागत नसे. ज्वारीची कणसं बियाण्यासाठी खळ्यावरच्या राशीतून उचलत नसत, उभ्या पिकात हिंडून आधी निवडत. वेलावरची एखादी चांगली काकडी, एखादं घोसाळं चिंधी बांधून ठेवलेलं असायचं आणि पोरांना दम दिलेला असायचा, "ती बियाला ठेवलीय, हात लावायचा नाही!" ती काकडी वेलावर पिवळी पडायची, जाड व्हायची आणि आम्ही तिच्याकडे बघत बसायचो. खायची कोणती आणि ठेवायची कोणती हा निर्णय खाण्याच्या आधी झालेला असायचा. सगळी गोम इथेच आहे. (भाजीवाल्याकडून कोवळी काकडी आणून तिच्या बिया वाळवणाऱ्या मंडळींना नमस्कार. कोवळ्या काकडीतलं बी तयारच झालेलं नसतं.)

कोथिंबीर, शेपू, मेथी, तुळस यांच्या बाबतीत मात्र हा नियम कुणी पाळत नाही. ही काही 'पीक' नव्हेत ना! परसातली, कोपऱ्यातली, फोडणीतली झाडं. म्हणूनच त्यांची हेळसांड जास्त.

तर करायचं काय? कुंडीत रोपं बोटभर झाली की जी ठसठशीत दिसतात त्यांच्याजवळ काडी खोचून ठेवा. आइस्क्रीमची काडी चालते. महिन्याभराने पुन्हा बघा. ज्यांनी दांडा काढला त्यांच्या काड्या काढून घ्या आणि ती रोपं आधी खा. हो, तीच आधी खा, थोडी बारीक पानांची असली तरी. चटणीत काही कळत नाही. काडी ज्यांच्याजवळ राहिली त्यांना कात्री लावायची नाही. पाहुणे आले, कोथिंबीरवडीचा बेत ठरला, नवऱ्याने "एवढी तर आहे की कुंडीत" म्हटलं, तरी नाही. त्या दिवशी खाली जाऊन जुडी आणायची. :)

हे लिहायला सोपं वाटतं, पण खरोखर जड जातं. सगळ्यात चांगलं झाड डोळ्यांसमोर फुलू द्यायचं, जून होऊ द्यायचं, त्याचा हिरवेपणा जाताना बघायचा. धणे हातात यायला पेरणीपासून तीन-साडेतीन महिने जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पेरलं तर पुण्याकडे माघ-फाल्गुनात. तोवर ती कुंडी अडलेली. थंडी सरताना पानांवर भुरी येते, फुलोऱ्यावर मावा बसतो, सगळं प्रकरण फार काही शोभिवंत दिसत नाही. माव्यामागोमाग ठिपक्याठिपक्यांचे ढालकिडे येतात आणि बराचसा फडशा पाडतात, म्हणून मी औषध मारत नाही. मधमाशाही त्याच वेळी येत असतात, आणि त्यांच्यावाचून धणे भरायचे कसे?

काढणीचंही एक तंत्र आहे. छत्रीसारख्या फुलोऱ्यातला मधला, सगळ्यात आधी आलेला गुच्छ आधी पिकतो आणि दाणेही त्यातलेच टपोरे. सगळं झाड वाळायची वाट बघत बसलं तर हेच दाणे गळून जातात. तेव्हा मधले गुच्छ तपकिरी झाले की सकाळी दंव असताना दांडा कापावा आणि कागदी पिशवीत उलटा टांगावा. उरलेले सावलीत आपोआप तयार होतात. वाळवणं सावलीतच. एप्रिलची गच्ची म्हणजे तवा असतो. पापडाला तो चालतो, बियाण्याला नाही. आतला कोंब भाजून निघाला तरी दाणा बाहेरून तसाच दिसतो, ही त्यातली मेख.

पेरताना धणा चपलेखाली किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन करायचा हे बहुतेकांना माहीत असतं. का, ते माहीत नसतं. एका धण्यात मुळी दोन बिया असतात, पाठीला पाठ लावून. फोडून पेरलं की दोन रोपं मिळतात. एवढ्यासाठीच.

शेपूचं सगळं असंच, कारण कूळ एकच. धणे, शेपू, बडीशेप, जिरं, ओवा, सगळ्या छत्र्यावाल्या भावजया. (शेपू न आवडणाऱ्या नातेवाइकांनी हे वाक्य आणि पुढची काही वाक्यं सोडून द्यावीत. बाळंतशोपा म्हणून जे तुम्हाला पाचव्या महिन्यापर्यंत पाजलं ते शेपूचंच बी होतं, एवढं मात्र वाचा.) मेथीचं काम सगळ्यात सोपं. तिचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, शेंगा लांब आणि टोकदार, पिवळ्या पडल्या की काढायच्या. दोनचार चांगली झाडं राखली तरी पुरतात.

तुळशीचं उलटं आहे. तिच्या मंजिऱ्या आपण खुडतच राहतो, देवाला वाहतो, आणि त्यामुळेच ती पानांनी भरलेली राहते आणि जास्त टिकते. सगळ्या मंजिऱ्या राहू दिल्या की झाड बी धरण्यात थकून जातं. म्हणून एखादी फांदी तेवढी बियाला ठेवावी, तीही रोगट झाडाची नाही. मंजिरी तपकिरी होऊन बोटाने सहज चुरली गेली पाहिजे. एकेका बोंडात चार बारीक दाणे असतात. सब्जा तिचाच चुलत भाऊ. आणि पास्त्यावर घालायला म्हणून बाजारातून महाग आणतो ते बेसिल आणि आपला सब्जा शास्त्राच्या दृष्टीने एकच जात. शेजारीशेजारी लावली आणि एकाच वेळी फुलली तर संकर होतो. मग पुढच्या वर्षी ना धड हे ना धड ते.

काही झाडांच्या मागे मात्र उगीच बियांसाठी लागू नये. पुदिना आणि गवती चहा यांची काडी किंवा फुटवाच लावायचा. रोपवाटिकेत 'ओवा' म्हणून जे जाड, लुसलुशीत, केसाळ पानाचं झाड देतात (भजी करतो ते) त्याच्यावर फोडणीचा ओवा कधीच येणार नाही. ते झाडच वेगळं. ओव्याचं खरं झाड बारीक पानांचं, शेपूसारखं. आणि कढीपत्त्याची काळी फळं वाळवून बरणीत भरून ठेवाल तर काही महिन्यांनी त्यातून काहीही उगवणार नाही. ती बुलबुलांच्या आधी काढा, गर धुवा आणि ताजी ताजी पेरा.

आता साठवण. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे. बियांतला ओलावा एका टक्क्याने कमी केला की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरवलं की पुन्हा दुप्पट. म्हणजे शत्रू दोनच, दमटपणा आणि उष्णता. आमच्या आजीला हॅरिंग्टन ठाऊक नव्हता, पण ती बियांत चुलीची चाळलेली राख मिसळायची, मडक्याचं तोंड शेणामातीने लिंपायची आणि ते चुलीपासून फार लांब नसलेल्या कोरड्या फडताळात ठेवायची. राख ओलावा ओढते आणि भुंग्यालाही ती आवडत नाही. आता चूल नाही, राख नाही. मी मूठभर तांदूळ कोरडे भाजून, थंड करून, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीत बियांसोबत ठेवते, आणि बरणी फ्रीजमध्ये. बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही. काच घरातल्या हवेइतकी कोमट होऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं आणि केलेलं सगळं पाण्यात. बरणीवर नाव, महिना, वर्ष. कोकणातल्या आणि मुंबईतल्या मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आता तुम्ही म्हणाल, अगं, पण एवढा खटाटोप कशासाठी? कोथिंबिरीची जुडी कधी दहाला, पावसाळ्यात फार तर पन्नासला. किराण्याच्या दुकानातले धणे पेरले तरी उगवतात की!

उगवतात, खरं आहे. पण मसाल्याच्या धण्यासाठी निवडलेली जात आणि पाल्यासाठी निवडलेली जात या वेगळ्या असतात. मसाल्यावाल्याला झाड लवकर फुलून भरपूर दाणा लागलेला हवा असतो. तुम्हाला नेमकं त्याउलट हवंय. पाकिटातलं पाल्याचं बी चांगलं असतं, मी त्याला नावं ठेवत नाही. (त्यातलं गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं बी औषध लावलेलं असतं, ते चुकूनही मसाल्याच्या डब्यात जाऊ देऊ नका.) पण ते कुठल्याशा मोकळ्या शेतात, भरपूर जमिनीत निवडलं गेलेलं असतं. तुमच्या पश्चिमेच्या गॅलरीतल्या आठ इंच मातीत, दुपारी तीननंतरच्या उन्हात कुठलं रोप टिकतं ते कुठल्याही कंपनीला शोधायचं नाहीये. ते फक्त तुम्हीच बघू शकता, रोज, चहाचा कप हातात घेऊन. पैसे वाचतात असं मात्र मी म्हणणार नाही. कुंडी, माती, तीन महिन्यांचं पाणी आणि अडलेली जागा यांचा हिशेब मांडला तर ते मूठभर धणे सोन्याच्या भावाने पडतात.

आणि एक खरी अडचण आहे, ती मी लपवत नाही. मेथीचं दोनचार झाडांवर भागतं, पण कोथिंबीर आणि शेपू यांचं परागण मधमाशा झाडाझाडांत करतात. सगळ्यात चांगलं म्हणून एकच झाड राखलं आणि वर्षानुवर्षं त्याच एकाच्या वंशावर चालवलं तर रोपं हळूहळू खुरटी होत जातात. निदान दहाबारा झाडं तरी राखायला हवीत, जास्त तितकी चांगली. आता एका गॅलरीत दहाबारा उत्तम झाडं, तीही चाळिसांतून निवडलेली? फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला हे एकट्याने जमण्यासारखं नाही.

म्हणूनच माझं ठाम मत झालंय की बी धरणं हे एका घराचं काम नाही. ते कधी नव्हतंच. भारतात २००१ साली वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला, त्याच्या ३९व्या कलमात शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिलाय, अगदी संरक्षित वाणाचं असलं तरी. फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. त्या यादीत 'राखणं' एकदाच आलंय आणि देण्याघेण्याचे शब्द तीन आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळीकडे त्यांच्या मडक्यांचे फोटो आले. मडकी महत्त्वाची आहेतच, पण त्यांचं बी आसपासच्या शेतकऱ्यांच्या शेतात जातं, तिथे वाढतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आमच्याच घरातलं सांगते. आत्याकडे सातारा भागातल्या घरी शेपूचं एक बी होतं. बुटका, दाट, उशिरा दांडा काढणारा शेपू. वासाला असा की भाजी चुलीवर चढली की वाड्यात कळायचं. आत्या दरवर्षी त्यातली पहिली ओळ राखायची, कोणी मागितलं तरी त्या ओळीतला पाला द्यायची नाही. बी मात्र मागेल त्याला मूठभर द्यायची, न मागणाऱ्यालाही द्यायची. ती २०१६ मध्ये गेली. घर बंद झालं. दोन पावसाळ्यांनी दार उघडलं तेव्हा फळीवरच्या डब्यात तिचं बी होतं, वर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी. वीस दाणे ओल्या फडक्यात घालून बघितले. मग आणखी वीस. एकही उगवला नाही. दोन पावसाळे त्या बंद घरातल्या ओलीत गेले होते, दुसरं काय होणार.

खालच्या आळीतल्या एका काकूंनी मात्र तिच्याकडून कधीतरी नेलेलं बी आपल्या परसात चालू ठेवलं होतं. त्यांना त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. "तुझ्या आत्याचाच शेपू हा, दुसरा कुठला?" म्हणाल्या आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिला. आज माझ्या गच्चीवर जो आहे तो तो. आत्याच्या डब्यातला नाही, काकूंच्या परसातला.

तेव्हा आता कामाचं बोलू. माझ्याकडे यंदाचे उशिरा फुललेल्या चौदा झाडांचे धणे आहेत, साधारण दोन वाट्या. आत्याचा शेपू एक वाटी. कृष्णतुळशीचं बी चिमूटभर. कोणाला हवं असेल त्यांनी कळवा, पाकिटं करून पाठवते. उगवण धण्यांची विसात सोळा, शेपूची विसात तेरा. अट एकच, पुढच्या वर्षी मला थोडं परत पाठवायचं, आणि ते काडी खोचलेल्या झाडांचंच. "तरी" धरलेलं नको. नागपूरच्या उन्हातलं, नाशिकच्या थंडीतलं आणि डोंबिवलीच्या ग्रिलमधलं परत आलं की सगळं एकत्र करून पुन्हा पेरू.

सुधामावशी, तू गणपतीला येशील तेव्हा हातातच देते. आणि काका, तुमच्या नावाची शेपूची पुडी वेगळी काढून ठेवली आहे. काकूंनी फोन करून 'अजिबात पाठवू नकोस' असं सांगितलंय, पण ती ऑफिसच्या पत्त्यावर येईल.